ठिपक्याचा कोपरा

४ फेब्रुवारी

वहिनी,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. तू "हॅलो" म्हणायचा अवकाश, मागून आबांचा आवाज येतो, "कोण? पोरगी? स्पीकर लाव!" मग आपण दोघी शहाण्यासारख्या हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि खरं बोलायचं ते पोटातच राहतं. त्यापेक्षा पत्र बरं. आबांना अक्षरं दिसत नाहीत, वाचून तूच दाखवणार, आणि नको ते गाळण्यात तुझा हात कोण धरेल?

बातमी अशी की मला एक हात मिळालाय. हसू नकोस, खरंच हात! आमच्या तपासणीच्या खोलीत मोजणीचा नवा आर्म आलाय. त्याला खांदा, कोपर, मनगट सगळं माणसासारखं, आणि बोटाच्या जागी माणकाची इवलीशी गोळी. ती गोळी तुकड्याला जिथे टेकवू, तिथलं माप कॉम्प्युटरवर उमटतं. तो चालवायला साहेबांनी अख्ख्या खोलीतून मला निवडलं. मापाच्या कागदावर सही माझी! दादाला सांग, त्याची फूटपट्टी आता साहेबीण झाली.

हा हात भारी हुशार, पण जन्माचा आंधळा. त्याला आधी तुकड्याची ओळख करून द्यावी लागते. समज, डोळे बांधलेला पाहुणा तू तुझ्या स्वयंपाकघरात आणलास. आधी त्याचा तळवा ओट्यावर ठेवशील, म्हणजे सपाट काय ते त्याला कळेल. मग ओट्याच्या कडेवरून त्याचं बोट फिरवशील, म्हणजे सरळ कुठे जायचं ते कळेल. मग एका जागी बोट टेकवून सांगशील, "बाबा रे, इथून मोज." एवढं झालं की कुठला डबा कुठे ते तो बिनचूक सांगतो. याला आम्ही अलाइनमेंट म्हणतो. बोट भलतीकडे टेकवलंस तरी तो सांगणारच, आणि तेवढ्याच ठसक्यात सांगणार!

परवा एक गंमत झाली. एक बिडाचा जाडजूड तुकडा आला. कुठल्या कारखान्याचा ते आम्हाला मुद्दाम कळू देत नाहीत, ओळखीपाळखीवर पास होऊ नये म्हणून. नुसता नंबर. मी फडक्याने पुसायला घेतला तर कोपऱ्यात काय दिसावं? ठिपका! तू या घरात आलीस तोवर आबांचं वर्कशॉप बंद झालं होतं, म्हणून सांगते. आबा प्रत्येक तुकड्याच्या एका कोपऱ्यात टोकदार पंच ठोकून बारीक ठिपका मारायचे आणि म्हणायचे, "इथून मोजायचं. जग इकडचं तिकडे झालं तरी इथूनच." दादा आणि मी त्या ठिपक्याला पट्टी लावूनच मोजायला शिकलो. परवाचा ठिपका अगदी तसाच होता. माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं बघ. माझा हात आपसूक त्या कोपऱ्यात गेला. तिथूनच सगळं लावलं, ड्रॉइंगचा कागद घडीतच राहिला.

तुकडा मात्र नापास झाला. इतका देखणा ठिपका मारणारा माणूस आणि काम असं! वाईट वाटलं, पण आपण काय करणार? आर्म कुणाचा मिंधा नाही.

आबांना ठिपक्याचं नक्की वाचून दाखव. दादा अजून पाइपांनाच आटे पाडतोय का?

तुझी,
फूटपट्टी


११ फेब्रुवारी

साहेबीणबाई,

तुझं पत्र आलं, पण नको त्या दिवशी आलं.

पाइपांचं काम कधीच संपलं. नव्या वर्षापासून तुझ्या दादाच्या कारखान्यात गिअरबॉक्सची झाकणं करायचं मोठं काम आलंय, आणि पहिलं झाकण मालकांनी ह्यांच्याकडे दिलं. मालक म्हणाले होते, "हे पास झालं की येणारं नवं मशीन तुझं." काय सांगू तुला, ह्यांनी ते झाकण तान्ह्या बाळासारखं सांभाळलं. घरी आले तरी बोटं हवेत भोकं मोजत असायची. मी म्हणायचे, अहो, आमच्याकडेही बघा जरा!

तर ते झाकण परत आलं. नापास. मालकांनी कागद तोंडावर फेकला म्हणे. ह्यांना मशीनवरून काढलं आणि कानस हातात देऊन कडा घासायला बसवलं. कारखान्यातल्या जुन्या माणसाला, सगळ्यांदेखत! हे घरी येऊन एवढंच म्हणाले, "तुकडा बरोबर आहे." त्यावर आबा काय म्हणाले असतील? "नाचता येईना, अंगण वाकडं." पोटच्या पोराला!

घरात असं सुतक. मला वाटलं, तुझं पत्र वाचलं तर जरा वारा फिरेल. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवताना वाचलं. आबांनी ठिपक्याचा भाग दोनदा वाचायला लावला. डोळे पुसले, आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "बघ. पोरीने ठिपका सोडला नाही. तिच्या हातून गेला असता का असा तुकडा?" ह्यांच्या हातात घास होता. तो ताटात ठेवला. मला म्हणाले, "परत वाच." मी वाचलं. मग उठले, हात धुतले, बाहेर गेले. तेव्हापासून त्या झाकणाबद्दल चकार शब्द नाही. आबांचं बोलणं जिव्हारी लागलं, दुसरं काय!

मला सांग, तू त्यातली जाणती आहेस. मोजणाऱ्याची चूक होऊ शकते की नाही? मला तर वाटतं, तो जो कोण मेला मोजायला बसला होता, त्याचे डोळे फुटले होते. त्याच्या जिभेला हाड नाही आणि हाताला लाज नाही. एका सहीने माझ्या नवऱ्याची मान खाली घातली. मुडदा बशिवला त्याचा! हे सगळं आबांना ऐकवता येत नाही म्हणून तुला लिहिते. लिहिल्यावर बरं वाटलं.

लवकर उत्तर दे.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. काम फार आहे.

दादाचं वाचून वाईट वाटलं. तू त्या मोजणाऱ्याला बोललीस ते बरोबरच आहे. असतात गं असली माणसं. घाईत हात टेकवतात, सही ठोकतात आणि मोकळी होतात. पण मोजणीत चूक सहसा होत नाही. म्हणजे होतच नाही असं नाही. सहसा नाही. दादाला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस, एखादा तुकडा कुणाचाही जातो.

सहज विचारते, त्या झाकणाच्या कोपऱ्यात काही खूण होती का? आणि ते झाकण आता आहे कुठे?

माझं मागचं पत्र ठेवलं असशील तर टाकून दे. उगाच कचरा कशाला साठवायचा.

आबांना नमस्कार.

फूटपट्टी


२८ फेब्रुवारी

अगं बाई,

एवढंसं पत्र! तुझ्या अक्षराला काय झालंय? बरं नाही का? साहेबीण झालीस म्हणून आमच्याशी तुटक बोलायचं, असं तर नाही ना?

तू विचारलंस म्हणून ह्यांना विचारलं, कोपऱ्यात खूण होती का. "नाही," म्हणाले. माझा प्रश्न संपायच्या आत म्हणाले. मग विचारलं, झाकण कुठे आहे? "कारखान्याच्या अंगणात पडलंय. पंधरा तारखेला भंगारवाला येतो, तो नेईल." इतक्या थंडपणे म्हणाले की मलाच रडू आलं. ज्याला तेल लावून पुसत होते, ते आता वितळायला जाणार.

आबांचं तर बोलूच नकोस. ते आता ह्यांच्या आधी जेवून घेतात. हे कामावरून आले की आबा खोलीत जातात आणि दार लोटतात. समोरच्या शिंप्याला सांगत होते, "मुलगी माझ्यावर गेली." म्हणजे मुलगा कुणावर गेला ते शिंप्याने ओळखायचं! हे खिडकीतच उभे होते. मला म्हणाले, "जाऊ दे गं. म्हातारा माणूस आहे." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती माझ्या घरात रोज चाललीय.

त्या मोजणाऱ्याला मात्र मी सोडलेलं नाही. भांडी घासताना रोज त्याचा उद्धार करते, भांडी लख्ख निघतात. कालपासून तर तो मला दिसायलाच लागलाय. टकला आहे, पोट सुटलंय आणि दुपारी खुर्चीत घोरतो.

आता कामाचं. तुझ्याकडे तो हात आहे ना? मग एकदा ते झाकण तूच मोजून दे की! ह्यांना सांगायचंच नाही. मी मालकांच्या हातापाया पडते, भाड्याचा टेम्पो करते, झाकणावर बसून येते हवं तर. तुझ्या सहीचा कागद मालकांच्या टेबलावर आपटला की सगळ्यांची तोंडं बंद. घरात एवढी जाणती पोर असून माझा नवरा कडा घासतोय, हे काही मला पटत नाही.

पत्र टाकायचं कशाला? आबांनी ते उशाखाली ठेवलंय. आल्यागेल्याला दाखवतात.

कधी येऊ ते कळव.

वहिनी


७ मार्च

वहिनी,

तू येऊ नकोस. आमच्याकडे बाहेरचं काम घेत नाहीत. साहेब कडक आहेत. शिवाय मला ताप होता, अजून अंग दुखतंय.

आबांना माझं कौतुक करू देऊ नकोस. मला आवडत नाही. खरंच नको.

पंधरा तारखेनंतर सविस्तर लिहीन.

फूटपट्टी


९ मार्च

पट्टे,

हे पत्र तुझ्या वहिनीला माहीत नाही. कारखान्यातून टाकतोय.

तुझं ठिपक्याचं पत्र तिने जेवताना वाचलं तेव्हाच मला कळलं. आमच्या मापाच्या कागदावर सही होती, पण वर शिक्का बसलेला, वाचता येत नव्हती. आकडे मात्र मी वाचले होते. भोकं पाडताना चुकली तर प्रत्येक भोक आपापल्या वाटेने चुकतं. ही सगळी हातात हात धरून एकाच बाजूला कललेली, आणि त्या कोपऱ्यापासून जेवढं लांब, तेवढी जास्त. मालकांना म्हणालो, "मोजायला सुरुवात कुठून केली ते विचारा." ते ऐकेनात. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र ऐकलं, मग मीच विचारायचं सोडलं. आबांची नजर अधू झाल्यापासून त्या ठिपक्यापासून मोजणारी माणसं जगात दोनच. एकाने झाकण केलं होतं.

मला मोठेपणा देऊ नकोस. गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर खूण करायची नाही असा आमच्याकडे सक्त नियम आहे. सुरुवातीचं ढोबळ, कच्चं काम मी त्या कोपऱ्यावरून धरलं आणि सवयीने ठिपका मारला. नंतर घासून काढायला हवा होता. विसरलो म्हणेन, पण ते खोटं. काढवला नाही. तुझ्या वहिनीने विचारलं तेव्हा खूण नव्हती म्हणून सांगितलं. तेव्हा माझी लाज मला आणि तुझी तुला. तू काही अपराध्यासारखी बसू नकोस.

पंधराला झाकण जाईल आणि विषय मिटेल. तुझी सही नवी आहे. पहिल्याच महिन्यात बदनाम झाली तर परत उभी राहणार नाही. मी काय, कानस तर कानस. आबा बोलत नाहीत, त्याचं वाईट वाटतं. पण बोलतील कधीतरी.

तू गप्प राहा. मी राहिलोय ना?

दादा


१४ मार्च

वहिनी,

हे पत्र आबांना समोर बसवून मोठ्याने वाच. एक अक्षर गाळायचं नाही. दादा घरात असेल तर त्यालाही थांबव.

तो मोजणारा मी आहे.

मी टकली नाही आणि दुपारी घोरत नाही, एवढाच काय तो फरक. बाकी तू म्हणालीस तशीच आहे. ज्याच्यावर आबांचा ठिपका होता तो तुकडा म्हणजे दादाचं झाकण. दादाने तो कोपरा कच्च्या कामापुरता धरला होता. ड्रॉइंगमध्ये स्वच्छ लिहिलंय की मोजायचं ते मधल्या मोठ्या भोकापासून. बाहेरच्या कडा जराशा इकडेतिकडे असल्या तरी चालतात, त्यांना तेवढी सूट असते. भोकांना नसते. मी ज्या कडेवरून आर्मला दिशा दिली ती कडच किंचित तिरकी होती. म्हणजे तुझ्या डोळे बांधलेल्या पाहुण्याला मी हलवलेलं कपाट दाखवून सांगितलं, हीच भिंत. मग त्याला अख्खं स्वयंपाकघर वाकडं दिसलं. ड्रॉइंगची घडी उघडली असती तरी हे झालं नसतं. पण ठिपका दिसला ना! मग मला कागद कशाला हवा?

ही झाली चूक. चूक कुणाचीही होते, तेवढीच असती तर मी तुझ्या पाया पडून मोकळी झाले असते. पण तुझं "झाकण" वाचलं त्या क्षणी मला सगळं कळलं होतं, आणि मी तुला काय लिहिलं? "असतात असली माणसं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तू झाकणावर बसून यायला निघालीस आणि मी तापाचं नाटक केलं. ताप नव्हता. दादाला माझ्यापायी कानस घासायला बसवलंय हे ठाऊक असून मी रोज आर्मपाशी बसले, सह्या केल्या, डबा खाल्ला. मी शेण खाल्लं, वहिनी.

आणखी एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. मी पंधरा तारखेची वाट पाहत होते. झाकण एकदा वितळलं की परत मोजता येणार नाही, मग कुणालाच काही कळणार नाही. रोज उठले की आधी कॅलेंडरकडे बघायचे. माझ्या सख्ख्या भावाचं काम कधी एकदा भट्टीत जातंय म्हणून.

दादाला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने मला पत्र लिहून गप्प राहायला सांगितलं. त्याचं पत्र वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर एक वेळ मी तशीच दडून राहिले असते.

साहेबांकडे गेले आणि सांगितलं. मग त्यांनी स्वतः मालकांना फोन करून झाकण मागवलं. भंगाराच्या ढिगातून काढावं लागलं. मी सगळ्यांसमोर ड्रॉइंग उलगडलं, आर्मची गोळी मोठ्या भोकाच्या आतून फिरवली, तिथून सुरुवात केली. वहिनी, एकूण एक भोक जागच्या जागी आहे. इतकं नेमकं काम मी या खोलीत पाहिलेलं नाही. नव्या कागदावर सही साहेबांनी केली. माझी सही काढून घेतली आहे. सध्या मागच्या खोलीत बोल्ट निवडते.

ठिपक्यावरून मालक दादाला बोलतील, तेही माझ्यामुळेच. आबा, तुम्ही मला शाबासकी देत होतात तेव्हा तो खिडकीत उभा राहून ऐकत होता. सगळं माहीत असून.

तुम्हाला तोंड दाखवायची माझी लायकी नाही.

फूटपट्टी


२१ मार्च

फूटपट्टी,

आधी माझं. मी तुला माफ केलेलं नाही. महिनाभर घातलेल्या शिव्यांतली एकही परत घेत नाही. बरोबर पत्त्यावर पोचल्या, राहू देत तिथेच. ताप आहे म्हणालीस तेव्हा मी रात्रभर तुझी काळजी केली होती, ती मात्र परत हवी. आणि मीही किती बावळट! तुझं पत्र आणि ह्यांची बातमी, दोन्ही एकाच जेवणात माझ्यासमोर होती. पण आपल्या माणसाकडे कुणी त्या नजरेने बघतं का?

ह्यांच्यावर तर मी तुझ्यापेक्षा जास्त चिडलेय. बहिणीला गुपचूप पत्रं लिहितात आणि बायकोला म्हणतात खूण नव्हती! दोन दिवस मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः चहा करून आणला. त्यात साखरच नव्हती. तरी प्यायले.

मालकांनी ह्यांना मशीनवर परत घेतलं. जुन्या. नवं मशीन आधीच दुसऱ्याला दिलं होतं, ते काही परत मिळायचं नाही. ठिपक्यावरून सगळ्यांदेखत झापलं. ते झाकण आता गिऱ्हाइकाकडे गेलं, पास होऊन. हे सगळं तुला कळायला हवं म्हणून लिहिते, टोचायला नाही. थोडं टोचायलाही.

आता आबा. पत्र आलं ते दुपारी. हे कामावर होते. आबांना समोर बसवलं आणि वाचलं. एक अक्षर गाळलं नाही, तो टकल्याचा भागही नाही. "वाट पाहत होते" तिथे मीच अडखळले, तर म्हणाले, "वाच." वाचून संपल्यावर उशाखालचं तुझं जुनं पत्र मागितलं. मला वाटलं, फाडतात. त्यांनी दोन्ही पत्रं एकत्र घडी केली आणि खिशात ठेवली. जाऊन पायरीवर बसले. मी चहा दिला, तो तसाच निवला.

संध्याकाळी हे आले. आबा उठले नाहीत, खोलीतही गेले नाहीत. हे चपला काढून बाजूने आत जायला लागले, रोजच्यासारखे, अंग चोरून. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आज आम्हाला बरोबर वाढ."

ताटं मांडली. कुणी जेवेना. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, चुकलं तरी म्हणतील. ते त्यांच्या जन्मात म्हणणार नाहीत. ते ह्यांना म्हणाले, "तिरकी कड होती, मग कच्चं काम धरताना आधार कशाचा दिलास?" ह्यांनी ताटातली वाटी पुढे ओढली. मग सांगायला लागले. आबा मध्येच अडवायचे, हे वाटीने आणि चमच्याने दाखवायचे. जेवण गार झालं, मी परत गरम केलं, परत गार झालं. शेवटी आबा म्हणाले, "मला नसतं जमलं." तुझा दादा ताटावरून उठला, हात धुवायला गेला आणि खूप वेळ नळ सोडून तिथेच उभा राहिला. मी गेले नाही मागे.

तुझ्यासाठी निरोप आहे. जसाच्या तसा लिहिते. "तिला म्हणावं, कागदावर नको. इथे येऊन बोल." रागाने म्हणाले की कसे, मला कळलं नाही. पण तुझ्या खोलीतला पंखा बंद पडला होता, तो आज दुरुस्त करून घेतलाय.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

रविवारी येते. दुपारच्या गाडीने.

आबांपुढे काय बोलायचं ते गेले दोन दिवस बोल्ट निवडता निवडता ठरवतेय. दोन वाक्यांच्या पुढे गाडी जात नाही. तू जवळ बस. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण बस.

एक ऐक. दादाला स्टँडवर घ्यायला पाठवू नकोस. तो काही बोलणार नाही, नेहमीसारखी बॅग हातातून घेईल आणि पुढे चालायला लागेल. त्याच्या मागून त्या रस्त्याने घरापर्यंत चालायचं म्हणजे माझ्याच्याने होणार नाही. मी माझी येईन, मागच्या गल्लीने.

पत्र बंद केलं होतं, परत उघडलं.

नको. त्यालाच पाठव.

फूटपट्टी